मोह वेचण्याची रीत

मराठीत झाडावरच्या फुलासाठी खुडणे आणि तोडणे ही क्रियापदे आहेत, तर जमिनीवर पडलेल्या फुलासाठी वेचणे हे क्रियापद आहे. जाईच्या कळ्या खुडतात, झेंडू तोडतात, आणि पारिजातक, बकूळ व मोह वेचतात. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात, सातपुड्यात, मेळघाटात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानांत उन्हाळ्याच्या तोंडाशी घराघरातून जे मोठे काम निघते त्याला सर्वत्र मोह वेचणे असेच म्हणतात, आणि मोहाच्या फांदीवर चढून फुले तोडण्याची रीत यांपैकी कोणत्याही भागात रूढ झाली नाही. या एका क्रियापदात त्या झाडाच्या प्रजननाची सगळी व्यवस्था सामावलेली आहे. मोहफुलांचा अन्न म्हणून, मद्याचा कच्चा माल म्हणून आणि पुढे कायद्याचा विषय म्हणून जो इतिहास घडला, तो हे फूल केव्हा आणि का गळते हे समजून घेतल्याखेरीज नीट उलगडत नाही.

मोह हा चिकू, खिरणी आणि बकूळ यांच्या कुळातला, म्हणजे सॅपोटेसी कुळातला, पानगळ होणारा मोठा वृक्ष आहे. योहान गेरहार्ड क्योनिग या लिनिअसच्या शिष्याने दक्षिण भारतातील झाडांचा अभ्यास करताना या वंशाला बोलोन्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख फेर्दिनांदो बास्सी यांच्या स्मरणार्थ बॅसिया हे नाव दिले आणि ते १७७१ साली लिनिअसच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाले. परंतु हेच नाव त्यापूर्वी, १७६६ मध्ये, एका अगदी वेगळ्या वंशाला दिले गेले असल्याने नामकरणाच्या नियमांनुसार ते मोहाकडे राहू शकले नाही, आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने १७९१ साली संस्कृत मधूक शब्दावरून केलेले मधुका हे नाव अखेर कायम झाले. मधल्या काळात चार्ल्स हॅमिल्टन या लष्करी अधिकाऱ्याचा मोहाच्या झाडावरचा स्वतंत्र लेख १७८८ साली एशियाटिक रिसर्चेसच्या पहिल्याच खंडात छापला गेला. पौर्वात्य विद्येच्या त्या पहिल्या खंडात रानातल्या लोकांच्या अन्नाचे एक झाड स्थान मिळवते, यावरून या फुलाने परक्या निरीक्षकांचे लक्ष किती लवकर वेधले होते हे दिसते.

माघ-फाल्गुनात मोहाची पाने गळतात आणि उघड्या पडलेल्या फांद्यांच्या टोकांना, जिथे थोड्याच दिवसांनी तांबूस कोवळी पालवी फुटायची असते तिथे, गंजाच्या रंगाची मखमली लव असलेल्या कळ्यांचे दाट झुबके येतात. लांब देठांवर खाली झुकलेल्या या कळीचे बाहेरचे कवच म्हणजे संवर्त, हा चार जाड संदलांचा असतो. त्याच्या आत फुलाचा खरा नवलाचा भाग, म्हणजे पुष्पमुकुट, वाढत असतो. इतर बहुतेक फुलांत पाकळ्या पातळ आणि सुट्या असतात, तर मोहात त्या एकमेकींशी जुळून फिकट पिवळसर, गुबगुबीत, रसाळ अशी छोट्या घागरीसारखी नळी झालेली असते आणि तिच्या काठावर आठ-नऊ किंवा त्याहून थोडे अधिक दात तेवढे सुटे राहतात. केसरदले, म्हणजे पराग तयार करणारे नर अवयव, वीस ते तीसच्या आसपास असतात. त्यांना स्वतंत्र दांडे जवळजवळ नसतातच, त्यांचे परागकोश या घागरीच्या आतल्या भिंतीलाच ओळींनी चिकटलेले असतात. घागरीच्या मधोमध, तिच्या तळाला वा भिंतीला कोठेही न जोडता, अंडाशयावरून निघालेला कुक्षीवृंत उभा असतो, आणि त्याचे टोक, म्हणजे पराग स्वीकारणारी कुक्षी, घागरीच्या तोंडातून बरीच बाहेर आलेली असते.

ही रचना बारकाईने पाहिली की गळण्याचा अर्थ उमगतो. मोहाची कुक्षी कळी पूर्ण उमलण्याच्या आधीच बाहेर डोकावते आणि पराग घेण्यास तयार होते, तर त्याच फुलाचे परागकोश नंतर फुटतात. स्त्रीअवयव आधी आणि नरअवयव नंतर पक्व होण्याच्या या रीतीमुळे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडण्याची शक्यता कमी होते आणि दुसऱ्या फुलाकडून पराग येण्याला वाव मिळतो. परागकोश रिते होत आले की पुष्पमुकुट तळाशी सुटतो आणि आपल्या भिंतीला चिकटलेली सगळी केसरदले बरोबर घेऊन, कुक्षीवृंतावरून अंगठी बोटातून निसटावी तसा घसरून खाली पडतो. झाडावर उरतात ते संवर्त, अंडाशय आणि बाहेर आलेला तो धाग्यासारखा कुक्षीवृंत, म्हणजे फळ धरण्यासाठी जे लागते तेवढेच. वेचणाऱ्याच्या हाती जे येते ते शास्त्राच्या भाषेत फूल नव्हेच. तो फुलाचा काम संपलेला नर अर्धा भाग आणि त्याचे साखरेने भरलेले आवरण असते. ताजे मोहफूल बोटांत धरून उजेडासमोर केले तर त्याला वर आणि खाली अशी दोन भोके दिसतात, आणि वरच्या भोकातून आत पाहिले तर भिंतीला टेकलेल्या परागकोशांच्या तपकिरी रेघा दिसतात; ज्या मार्गाने कुक्षीवृंत आरपार गेला होता तो मार्ग मोकळा राहिलेला असतो.

बकुळीच्या फुलाचेही असेच असते, आणि म्हणूनच बकुळीची फुले सुईशिवाय ओवता येतात. मोहाच्या माळांचा उल्लेख कालिदासाने दोनदा केला आहे, कुमारसंभवात पार्वतीच्या विवाहाच्या वेषभूषेत आणि रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवराच्या प्रसंगी, आणि दोन्हीकडे मधूकाच्या जोडीला दूर्वा आहेत. मद्याशी जोडल्या गेलेल्या मोहाची आज जी ओळख आहे तिच्यापेक्षा ही ओळख किती वेगळी होती हे ध्यानात घ्यायला हवे, कारण विवाहाशी असलेला मोहाचा हा संबंध संस्कृत काव्यापुरता नाही. मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत लग्नाच्या मांडवात मोहाच्या फांदीला मान आहे.

पराग एका फुलाकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम रात्री चालते. मोहाची फुले उग्र, आंबूस-गोड वासाची असतात, ती पानांच्या आड न राहता फांद्यांच्या टोकांशी मोकळी लोंबतात आणि रात्रीच्या काळोखातही त्यांचा फिका रंग उठून दिसतो. फळे खाणाऱ्या वटवाघळांना बोलावणाऱ्या फुलांची ही ठरलेली लक्षणे आहेत. दक्षिण भारतात झालेल्या निरीक्षणांत मोठी उडती वटवाघळे आणि आखूड तोंडाची लहान वटवाघळे मोहावर येताना, रसाळ पुष्पमुकुट तोंडाने ओढून काढताना आणि त्या खटाटोपात तोंडा-छातीच्या केसांना लागलेला पराग दुसऱ्या झुबक्यांकडे नेताना आढळली आहेत. येथे मोबदला म्हणून झाड जे देते ती पाकळीच आहे, आणि ती देऊन झाडाचे काही उणे होत नाही, कारण ओढली गेली नसती तरी ती पहाटेपर्यंत आपोआप गळणारच होती. परागाचे काही वहन वाऱ्यानेही होत असावे असे अभ्यासकांचे मत आहे. बाहेर काढलेली लांब कुक्षी आणि निष्पर्ण झाड यांमुळे ते पटण्यासारखे आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, ती ही की फूल गळले म्हणजे त्याच्या अंडाशयाचे फळ होणारच असे नाही. परागण न झालेल्या फुलांचा पुष्पमुकुटही तसाच पडतो, आणि झुबक्यातील थोड्याच अंडाशयांची फळे होतात. जमिनीवर मात्र दोन्ही सारखीच पडतात, म्हणूनच माणूस, अस्वल, चितळ आणि गुरे यांच्या वाट्याला इतकी विपुलता येते.

ही विपुलता या प्रदेशाच्या साहित्यात फार जुन्या काळापासून नोंदली गेली आहे. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या आणि गोदाकाठच्या जीवनाशी बांधलेल्या संग्रहात, मोह वारंवार येतो. एका गाथेत गोदातीरावरच्या दाट जाळीतील फुलांच्या भाराने वाकलेल्या मोहाला उद्देशून, सगळी फुले एकदम न गाळता सावकाश गाळ, अशी विनवणी आहे. लगेच पुढच्या गाथेत हंगामाची शेवटची फुले गोळा करणारी स्त्री रडत आहे आणि ती फुले आप्ताच्या चितेतील अस्थी वेचाव्यात तशी वेचत आहे. मोह वेचायला जाणे ही प्रियकराला भेटण्याची सबब होती आणि फुले संपली की ती सबबही संपणार होती, हा या दोन्ही गाथांचा रोख. कवीला शृंगार सांगायचा होता, परंतु त्या ओघात त्याने जे गृहीत धरले आहे ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे: फुले झाडावरून काढत नसत, ती गळण्याची वाट पाहत, गळण्याचा काळ काही दिवसांचा असे, ती गोळा करण्याचे काम स्त्रियांचे होते, आणि ते गावाबाहेर, एकांतात, रोज जाऊन करावे लागे. या सगळ्या गोष्टी आजच्या मोह वेचण्याला जशाच्या तशा लागू पडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोहाची दुसरी बाजू दिसते. कोठारावरील अधिकाऱ्याने कोणत्या बियांपासून किती तेल धरावे याचा हिशेब देताना तीळ, करडई आणि हिंगणबेट यांच्या रांगेत मधूक आहे आणि तेलाचे प्रमाण चौथा हिस्सा धरले आहे. म्हणजे मोहाचे बी राज्याच्या हिशेबात आणण्याजोगे व्यापारी तेलबी तेव्हाच झाले होते.

वेचण्याच्या रीतीचे नियम गळण्याच्या वेळापत्रकातून आले आहेत. फुले उत्तररात्रीपासून पडू लागतात आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतात; उशीर केला तर गुरे-हरणे ती खाऊन टाकतात, आणि अंधारात गेले तर त्याच फुलांसाठी आलेल्या अस्वलाशी गाठ पडण्याचा धोका असतो, तरीही टोपल्या घेऊन घरातली माणसे, विशेषतः बाया आणि मुले, फटफटण्यापूर्वीच झाडाखाली पोचतात. झाडाची मालकी पुष्कळ ठिकाणी जमिनीच्या मालकीहून वेगळी मानली जाते. रानातले अमुक झाड अमुक घराचे, हे गावाला ठाऊक असते, वाटण्या होताना झाडेही वाटली जातात, आणि शेतासाठी रान तोडताना मोह उभा ठेवला जातो. आणलेली फुले सारवलेल्या अंगणात वा खडकावर पसरून तीन-चार दिवस वाळवतात, तेव्हा ती आक्रसून मनुकांसारखी तांबूस-तपकिरी होतात आणि आतले सुके केसर चोळून झाडून टाकता येते. या दिवसांत आभाळ आले, अवकाळी पाऊस पडला, तर माल काळा पडतो आणि त्याला बुरशी येते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक साखर असते. ही फुले भाजून तिळांबरोबर कुटतात, उकडून खातात, पिठात घालून त्यांची भाकरी करतात. धान्य सरण्याच्या आणि पाऊस लागण्याच्या मधल्या महिन्यांत पुष्कळ घरे या साठ्यावर निभावली आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळांत मोहाने माणसे जगवल्याच्या नोंदी सरकारी कागदांतच आहेत. मद्य हा या फुलाचा एक उपयोग होता, देवाला चढवण्याचा आणि लग्न-मर्तिकात लागणारा, पण एकमेव उपयोग कधीच नव्हता.

वसाहतीच्या राज्यकारभाराने मात्र या फुलाकडे मुख्यतः मद्याचा कच्चा माल म्हणून पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून ठेकेदारांच्या मोठ्या, देखरेखीखालील भट्ट्यांतूनच मद्य विकण्याची पद्धत आणली आणि त्यावर जबर कर बसवला. मुंबई बंदरापलीकडचे उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र होते, आणि तेथे लागणारी मोहफुले पंचमहाल व मध्य प्रांतांतून येत असत. या व्यवस्थेची अडचण थेट झाडाच्या स्वभावात होती. ऊस किंवा धान्य पिकवावे लागते, त्यासाठी जमीन लागते, सारा भरावा लागतो, म्हणून त्यावर नजर ठेवता येते. मोहाचे फूल कोणी न पेरता, न तोडता, दरवर्षी दाराशी आणि बांधावर येऊन पडत होते, आणि ज्याच्यापाशी एक मडके व नळी आहे त्याला ठेकेदाराच्या दुकानाची गरज उरत नव्हती. म्हणून मद्यावरचा कर टिकवण्यासाठी फुलावरच बंदी घालण्याचे पाऊल उचलले गेले. १८९२ चा म्हौरा कायदा हा त्याचाच परिणाम होता. त्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि विकणे यांवर निर्बंध आणले. ज्या वारली, कातकरी, ठाकर कुटुंबांना ते फूल अन्न होते, त्यांच्या घरातली टोपलीभर वाळलेली फुले आता गुन्ह्याचा पुरावा ठरू शकत होती. महसुलासाठी लोकांच्या ताटातला पदार्थ असा गुन्ह्याच्या कक्षेत ढकलणे हा अन्याय होता, आणि राज्यकर्त्यांनी तो नैतिकतेच्या भाषेत मांडला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. दारू पिण्याला त्यांचा विरोध नव्हता, ती ठेकेदाराच्या दुकानाबाहेर तयार होण्याला होता. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली आणि दुकानांवर बहिष्कार घातला, त्यामागे ठेकेदारांच्या पिळवणुकीचा हाच संदर्भ होता.

वनकायद्याने फुलाला दुसऱ्या बाजूने गाठले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची व्याख्या करताना काही वस्तू जंगलातून आणल्या असतील तरच वनोपज मानल्या आहेत. पण लाकूड, कोळसा, लाख, हिरडा अशा मोजक्या वस्तूंच्या ज्या यादीत वस्तू कोठूनही आली तरी ती वनोपजच ठरते, त्या यादीत मोहफुले आणि मोहाचे बी आहे. स्वतःच्या शेताच्या बांधावर आजोबांनी राखलेल्या मोहाखालचे फूलसुद्धा त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने वनोपज झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि त्याखाली १९५० साली झालेले मोहफुलांविषयीचे नियम यांनी हे निर्बंध पुढे चालू ठेवले. गौण वनोपजावरील मालकी आदिवासी व वननिवासींकडे देणारा वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि महाराष्ट्रात मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरील बंधने २०२१ साली शिथिल झाली. १८९२ पासून मोजले तर मध्ये एकशे एकोणतीस वर्षे गेली होती.

फूल वेचण्याने झाडाची पुढची पिढी घटत नाही, हे वरील रचनेवरून दिसून येते. घट होते ती दोन वेगळ्या कारणांनी. पहिले कारण वेचणे सोपे व्हावे म्हणून हंगामापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत हे आहे. वाळक्या पानांत फुले दिसत नाहीत आणि साफ जमिनीवर ती भराभर उचलता येतात, म्हणून ही आग लावली जाते. ती अनेकदा रानात पसरते, आणि न पसरली तरी झाडाखाली आदल्या पावसाळ्यात उगवलेली वीत-दीड वीत उंचीची मोहाची रोपे वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच महिन्यात जळत राहतात. आगीऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या पसरण्याचा उपाय काही ठिकाणी सुरू झाला आहे, आणि त्याने फुलांना मातीही लागत नाही.

दुसरे कारण बी हे आहे. फूल गळल्यावर उरलेल्या अंडाशयाचे हिरवे, अंडाकृती, पुढे पिवळट होणारे फळ जून ते ऑगस्टच्या सुमारास पिकते. कोवळ्या फळांची भाजी होते आणि पिकलेला गर गोड असतो. आत एक ते चार चकचकीत तपकिरी बिया असतात. विदर्भात त्यांना टोळ किंवा टोळंबी म्हणतात, गुजरातेकडे डोळी. त्यांचे तेल स्वयंपाकाला, दिव्याला आणि साबणाला वापरले जाते, तर पेंडीतील साबणासारख्या फेसाळ द्रव्यामुळे ती मासे गुंगवण्यासाठी वापरली गेली आहे. रानातल्या फळांचा वाटा वटवाघळे, पोपट आणि माकडे यांना मिळतो, आणि वटवाघळे फळ दूर नेऊन गर खाऊन बी टाकतात, म्हणजे फुलाच्या वेळी पराग नेणारे प्राणीच पुढे बीही पसरवतात. पण फूल आणि बी यांत एक मूलभूत फरक आहे: वेचलेले फूल झाडाच्या दृष्टीने संपलेले असते, वेचलेले बी संपलेले नसते. कुटुंबाने झाडाखालची सगळी टोळंबी घाण्यावर नेली की त्या झाडापुरते त्या वर्षीचे प्रजनन थांबते, आणि दरवर्षी असे झाले तर गावाच्या शिवारात म्हातारे मोह तेवढे उभे राहतात, त्यांच्याखाली तरुण झाड दिसत नाही. रॉबर्ट ट्रूप यांनी १९२१ साली भारतीय वृक्षांच्या संगोपनावर लिहिलेल्या ग्रंथात मोहाच्या बी-रोपांचा तपशीलवार विचार केला आहे, कारण बांधावरचे जुने मोह सर्वत्र दिसत असले तरी नवे मोह लावून वाढवणे वनखात्याला तेव्हाही सोपे नव्हते.

हे अवघड असण्याचे कारणही बियाच्या जीवशास्त्रात आहे. ज्वारीचे किंवा बाभळीचे बी वाळवून वर्षभर ठेवता येते, तर मोहाचे तेलकट, ओलसर बी वाळले की मरते आणि काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. ते ज्या पावसात पडते त्याच पावसात रुजणे ही त्याची एकमेव संधी असते. रुजल्यावर रोप आधी खोल सोटमूळ खाली सोडते आणि वरची वाढ मंद ठेवते, त्यामुळे लहान पिशवीतले रोप मूळ वळून दुर्बल होते आणि उपटून लावलेले रोप क्वचितच जगते. म्हणून मोह लावू इच्छिणाऱ्या ग्रामसभांना आणि रोपवाटिकांना जुलैत पडलेले ताजे बी गर काढून लगेच, लांब पिशवीत किंवा थेट कायमच्या जागी, टोचावे लागते, आणि पुढची काही वर्षे त्या जागेपासून चैत्रातली आग दूर ठेवावी लागते. असे लावलेले झाड पहिल्यांदा फुलायला साधारण दहा वर्षे आणि भरघोस फुलायला त्याच्या दुपटीचा काळ घेते.